काय गावला?

न्यू जर्सीतल्या नॅव्हेसिंकला इथले लोक नदी म्हणतात. नकाशातही ती नदीच आहे. पण मी पहिल्यांदा तिच्या काठावर उभी राहिले तेव्हा पाणी समुद्राकडून गावाकडे चाललं होतं, काठच्या गवताच्या बुंध्यांवर फेसाची रेघ बोट-बोट वर सरकत होती आणि हवेला चिखलाचा वास होता. कोकणात, देवबागात कर्लीच्या काठी लहानाची मोठी झालेल्या मुलीला हा वास कुणी समजावून सांगावा लागत नाही. ही खाडी होती. खारफुटीच्या जागी कमरेइतकं गवत आणि माडांच्या जागी ओक, एवढाच फरक.

घरी येऊन बाबांना फोन केला. तिकडे पहाट होती. म्हटलं, "बाबा, हयसर खाडी आसा." त्यांनी क्षणभरही न थांबता विचारलं, "मगे गरी खंय आसा?"

बाबा पोस्टात होते, पण सुट्टीचा दिवस आणि बरी भरती एकत्र आली की ते घरात सापडायचे नाहीत. गुंडाळलेलं तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, शिशाचा तुकडा, दोन गऱ्या, नारळाच्या करवंटीत सुंगटं, म्हणजे कोळंबी. मी बरोबर जायचे ती करवंटी धरायला. रॉड नव्हता, रीलही नव्हतं. तंगूस तर्जनीवर टेकवून ते बसून राहायचे, आणि तांबोशी सुंगटाला नुसती नाक लावून गेली तरी त्यांना कळायचं. कसं कळतं, हे मी कितीदा तरी विचारलं. ते म्हणायचे, बोटाक इचार.

न्यू जर्सीत मी जो मासा धरायला शिकले त्याचं नाव स्ट्राइप्ड बास. इथले लोक लाडानं स्ट्रायपर म्हणतात. पाठ हिरवट काळी, अंग चांदीचं, आणि कल्ल्यापासून शेपटीपर्यंत ओढलेल्या सात-आठ काळ्या रेघा. त्या अगदी सरळ नसतात. एखादी मध्येच तुटते, पुढे बोटभर खाली सरकून परत सुरू होते, आणि प्रत्येक माशाची तऱ्हा वेगळी. आपल्याकडे रायगडात ज्याला जिताडा म्हणतात आणि गोव्यात चणक, त्याची मला पहिल्यांदा आठवण झाली. दोघेही गोड्या आणि खाऱ्या पाण्यात ये-जा करणारे, दोघेही प्रवाहाच्या आडोशाला दबा धरून बसणारे. पण त्यांचं येणं-जाणं बरोब्बर उलटं आहे. जिताडा अंडी घालायला खाडीच्या तोंडाकडे, खाऱ्या पाण्याकडे उतरतो. स्ट्रायपर आयुष्य समुद्रात काढतो आणि वसंतात अंडी घालायला नदीत चढतो: हडसनमध्ये, डेलावेअरमध्ये, आणि सगळ्यात जास्त चेसापीक उपसागराला मिळणाऱ्या नद्यांमध्ये. अंडी पाण्यापेक्षा किंचितच जड असतात. पिल्लू बाहेर येईपर्यंत दोनेक दिवस प्रवाहानं त्यांना उचलून धरावं लागतं. तळाच्या चिखलात बसलं ते अंडं संपलं. म्हणजे हा मासा जन्माच्या आधीपासूनच वाहत्या पाण्याच्या हवाली असतो.

त्याला आमिष लावून धरता येतं, आणि पुष्कळ लोक तसं धरतात. त्यात कमीपणा काही नाही. बाबांनी आयुष्यभर तेच केलं. पण मी खोट्या आमिषावर गेले आणि तिथेच राहिले. कारण सुंगट गरीला लावलं की अर्धं काम सुंगटच करतं. त्याला वास असतो, चव असते, ते स्वतः पाय हलवतं. माझ्याकडे असतो पाच इंच लांबीचा मऊ रबराचा मासा. त्याला ना वास, ना जीव. तो जिवंत दिसायचा तर दोघांनीच दिसवायचा: पाण्यानं आणि माझ्या मनगटानं. पाणी चुकलं तर मनगट काही करू शकत नाही, हे कळायला मला दोन वर्षं लागली.

हे रबर ओवण्याचं काम बघायला सोपं वाटतं. शिशाचं डोकं असलेली गरी असते, तिला जिग म्हणतात. माझी नेहमीची अर्ध्या औंसाची, म्हणजे साधारण चौदा ग्रॅमची. आधी गरी रबराच्या बाजूला धरून मोजायची, टोक पाठीतून नेमकं कुठे बाहेर येणार ते नखानं दाबून ठेवायचं. मग नाकातून टोक खुपसून, पोटाच्या अगदी मधोमध ठेवत, मोजे ओढावेत तसं रबर गरीवर चढवत जायचं आणि नखाच्या खुणेवर टोक बाहेर काढायचं. एक मिलिमीटर चुकलं तर रबर वाकडं बसतं. हातात धरून ते दिसतही नाही. पण पाण्यात ओढलं की गोल गोल फिरायला लागतं, आणि कुठलाही बोय जातीचा मासा पोहताना स्वतःभोवती फिरत नाही, हे स्ट्रायपरला पक्कं ठाऊक असतं. मी प्रत्येक ओवलेलं रबर काठाजवळच्या उथळ पाण्यात एकदा ओढून बघते. फिरलं तर काढते, परत ओवते. थंडीत बोटं बधिर झालेली असतात, तरी काढते.

बाकी सामान हलकं. सात फुटी रॉड, तळहातात मावणारं रील, त्यावर पंधरा पौंडी विणलेला दोरा, सुतळीचा नव्हे तर शिवणाच्या दोऱ्याइतका बारीक, आणि पुढे तीनेक फूट वीस पौंडी तंगूस. विणलेला दोरा ताणला जात नाही. त्यामुळे वीस वावांवर जिग तळाच्या शिंपल्याला टेकली तरी 'टक्' असं तर्जनीवर येतं. वाळूवर टेकली तर 'टक्' नसतं, नुसता भार हलका होतो. चिखलावर टेकली तर काहीच नसतं, दोरा सैल पडतो तेवढंच. बोटाक इचार म्हणजे काय, ते मला अटलांटिकच्या काठावर उमगलं.

पण सामानापेक्षा मोठी गोष्ट भरती-सुकतीची.

आपल्याकडचा हिशोब बहुतेकांनी ऐकलेला असेल: तिथीला पाऊणनं गुणायचं, भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. माझ्या इथल्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असतं, आणि पहिल्या वर्षी मी सरळ तोच हिशोब इथे लावायला गेले. जमेना. मग सरकारी भरतीचे तक्ते समोर ठेवून बसले तेव्हा लक्षात आलं की गणित तेच आहे, फक्त सुरुवात सरकलेली आहे. सँडी हुकला, म्हणजे खाडीच्या तोंडाशी, अमावास्या-पौर्णिमेला भरती येते ती आठच्या आसपास. कोकणातल्या वेळेतून साधारण तीन तास काढले की झालं. चंद्र तोच. रोज पाऊण तासाची ती वाढही तीच. मला त्या दिवशी जो आनंद झाला तो नोकरीतल्या कुठल्याही बढतीनं झाला नव्हता.

पुढे आणखी एक पायरी होती. तोंडाशी भरती भरली म्हणून आत, मी मासे धरते त्या पुलापाशी भरत नाही. तिथे तासाभराहून जास्त उशीर लागतो. आणि पाणी चढायचं थांबलं म्हणून वाहायचं थांबतं असंही नाही. पाण्याची उंची आणि पाण्याची चाल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माशाला उंचीशी काही देणंघेणं नसतं, त्याला चाल हवी असते. सुकती लागली की गवतातल्या ओहोळांमधून कोळंबी, बारके चंदेरी मासे, खेकड्यांची पिल्लं असं सगळं ओढून बाहेर येतं. स्ट्रायपर त्याच्यामागे धावत नाही. तो पुलाच्या खांबाच्या मागे, जिथे प्रवाह फुटून पाणी स्वस्थ होतं, तिथे तोंड प्रवाहाकडे करून उभा राहतो आणि जेवण त्याच्याकडे वाहत येतं. रात्री पुलावरचे दिवे लागले की पाण्यावर उजेड आणि सावलीची एक सरळ रेघ पडते. तो सावलीत थांबतो, त्या रेघेपासून हातभर आत. उजेडातून वाहत येणारं त्याला दिसतं, तो कुणाला दिसत नाही.

म्हणून जिग त्याच्यावर टाकायची नसते. प्रवाहाच्या वरच्या बाजूला टाकायची, दोरा ना ताठ ना ढिला ठेवून पाण्याला ती नेऊ द्यायची, आणि उजेडातून सावलीत शिरण्याच्या त्या एका क्षणी मनगट इतकं बारीक हलवायचं की दुसऱ्या कुणाला दिसू नये. रात्रीत असा चांगला प्रवाह मिळतो तो चाळीस-पन्नास मिनिटं. त्याआधी आणि त्यानंतर त्याच जागी, तेच रबर, त्याच हातानं शंभर वेळा टाका. काही होत नाही. दुकानात नवीन रंगाचं रबर घ्यायला रांग लावणाऱ्या लोकांना मला नेहमी सांगावंसं वाटतं की तेवढे पैसे पेट्रोलला ठेवा, आणि बरोबर वेळेला या.

माझा पहिला मोठा मासा मी गाठीपायी घालवला. नोव्हेंबर होता, मासे दक्षिणेकडे परतत होते. सावलीच्या रेघेवर जिग अडल्यासारखी झाली, मी रॉड उचलला, आणि रीलवरून दोरा असा निघाला की मला पाण्याकडे दोन पावलं टाकावी लागली. मिनिटभर तो माझ्या हातात होता. शेपटीचे फटकारे दोऱ्यातून थेट कोपरापर्यंत येत होते. मग काहीच नाही. दोरा गुंडाळून घेतला तर तंगुसाचं टोक डुकराच्या शेपटीसारखं पिळलेलं होतं. दोरा तुटला असता तर टोक सरळ राहिलं असतं. पिळलेलं टोक म्हणजे गाठ सरकली, नीट आवळलीच नव्हती. मला मासा गेल्याचं इतकं वाईट वाटलं नाही. तो तोंडात शिशाचं डोकं आणि रबर घेऊन गेला, आणि ते माझ्या आळशीपणामुळे, हे महिनाभर मनातून जाईना. त्या हिवाळ्यात रोज रात्री जेवणाच्या टेबलावर बसून मी गाठी बांधल्या. थुंकीनं ओली करून, हळू आवळून, दारच्या कडीला अडकवून, जीव खाऊन ओढून बघितल्या. त्यानंतर माझी गाठ सरकलेली नाही.

या नॅव्हेसिंकची एक गोष्ट मला फार आवडते. १८७९ साली इथून स्ट्रायपरची १३२ पिल्लं पिंपांमध्ये भरून आगगाडीनं कॅलिफोर्नियाला नेली आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराच्या वरच्या अंगाला सोडली. आगगाडीतली माणसं वाटेत पाणी हलवत राहिली असतील, थंड ठेवत राहिली असतील. तीन-चार वर्षांत आणखी तीनेकशे नेली. तेवढ्यावर दहा वर्षांच्या आत तिकडच्या बाजारात स्ट्रायपर विकायला येऊ लागला, आणि आजही पॅसिफिकच्या किनाऱ्यावर जो स्ट्रायपर मिळतो तो मुळात या पाण्यातल्यांचा वंश. एवढी त्याची जगण्याची ताकद.

आणि त्याच माशाला इथे त्याच्या स्वतःच्या पाण्यात आपण दोनदा संकटात आणलं. म्हणजे तसं पाहिलं तर इशारा फार जुना आहे. १६३९ साली मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीनं बास आणि कॉड शेतात खत म्हणून घालायला बंदी केली होती. याचा अर्थ त्याआधी लोक तो शेतात गाडत होते. १९८०च्या सुमारास साठा इतका कोसळला की १९८४ साली देशाच्या संसदेला या एका माशासाठी कायदा करावा लागला, आणि १९८५ ते १९९० मेरीलंडनं त्याची मासेमारीच बंद ठेवली. मासा परत आला. १९९५ साली साठा सावरल्याचं जाहीर झालं. ही गोष्ट इथेच संपली असती तर किती बरं झालं असतं. २०१९च्या पाहणीत तो पुन्हा खाली गेलेला निघाला.

मेरीलंडचे शास्त्रज्ञ दर उन्हाळ्यात पिल्लं मोजतात, १९५४पासून. मोजतात कसं, हे वाचलं तेव्हा मी जागची उठले. ते रापण ओढतात! शंभर फुटी जाळं, एक टोक काठावर, दुसरं पाण्यातून फिरवून परत काठाला आणायचं. बावीस ठरलेल्या जागा, आणि प्रत्येक ओढीला स्ट्रायपरची किती पिल्लं आली याची सरासरी. इतक्या वर्षांची सरासरी आहे ओढीमागे अकरा. २०२३ साली ती होती एक. मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढताना दोरीला हात लावलेल्या कुणालाही सांगा की अकराच्या जागी एक आला. तो पुढचं काही विचारणार नाही. हिवाळे उबदार झाले, वसंतात नद्यांना पाणी कमी आलं, अंड्यांना उचलून धरणारा प्रवाहच बिघडला, असं सांगतात. २०१९पासून एकही वर्ष बरं गेलेलं नाही.

म्हणून आता नियम कडक आहेत. न्यू जर्सीत हा मासा विकायला तर बंदीच आहे. घरी खायला न्यायचा तर दिवसाला एक, आणि तोही २८ इंचांहून कमी नको, ३१हून जास्त नको. २०१५ साली जन्मलेली एक पिढी भरघोस होती. तिला अंडी घालायला वेळ मिळावा म्हणून ही चिंचोळी फट २०२३ साली ठरली. मादी पहिल्यांदा अंडी घालण्याजोगी व्हायला पाच-सहा वर्षं लागतात, कधी आठ. जगलीच तर तीस वर्षं जगते. मोठी मादी म्हणजे लाखो अंडी. मी गेली चार वर्षं एकही घरी नेलेला नाही.

हे मी बाबांना सांगू शकत नव्हते. दर रविवारी फोनवर पहिला प्रश्न ठरलेला, "काय गो, काय गावला?" मी सांगायची, सव्वीस इंची गावला. मग लगेच दुसरा: "सोडलंस कित्याक गो?" रागानं नव्हे. त्यांना खरोखर कळत नव्हतं. ज्या घरात तांबोशी आली की आई शेजारी दोन तुकड्या देऊन यायची, त्या घरातल्या माणसाला मासा धरून परत सोडणं म्हणजे खेळ वाटणार, आणि जिवाशी खेळ करू नये हे त्यांनीच मला शिकवलं होतं.

त्यांचा तो प्रश्न मी सोडून दिला नाही, आणि तो चुकीचाही नाही. सोडलेला मासा जगतोच असं नाही. इथले मासेमारीचे हिशोब करणारे असं धरून चालतात की सोडलेल्या दर शंभरांत नऊ मरतात. ऐकायला थोडे वाटतात. पण सोडलेल्यांची संख्या इतकी प्रचंड असते की काही वर्षी हौशी लोकांनी खायला नेलेल्या माशांपेक्षा सोडून मेलेले जास्त भरले आहेत. हे वाचल्यावर मी माझी पद्धत बदलली. गरीचा उलटा काटा पकडीनं दाबून सपाट करते. तीन टोकांच्या गऱ्या सगळ्या काढून टाकल्या. हलकं सामान वापरते, पण अति हलकं नाही. बारीक दोऱ्यावर पंधरा मिनिटं खेळवून माशाचा जीव काढणं हा पराक्रम आहे असं जे समजतात त्यांच्याशी माझं जमत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी तापलं की जातच नाही. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी, दमलेला मासा सावरत नाही.

एका रविवारी बाबांना रापणीची ती गोष्ट सांगितली. अकराचा एक झाला म्हटल्यावर ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे पावसात दर्या बंद आसता, तसाच म्हण ना." १ जून ते ३१ जुलै. होड्या वर ओढलेल्या, झावळ्यांनी शाकारलेल्या. मी इतकी वर्षं आकडे शोधत होते आणि तो शब्द आमच्या दारातच होता.

गेल्या वर्षी मे महिन्यात ते आले. शहात्तर वर्षांचे, गुडघे दुखतात, थंडी सोसत नाही. वैशाख पौर्णिमेच्या रात्री त्यांना दोन स्वेटर घालून पुलापाशी नेलं. माझ्या फोनमध्ये सुकतीची वेळ होती, मी ती मुद्दाम सांगितली नाही. ते काठाच्या दगडावर बसले, वाकून पाण्यात बोटं घातली, जिभेला लावली. मग गवताची एक काडी तोडून पाण्यावर टाकली. काडी जागच्या जागी फिरत राहिली. "आजून नाय," ते म्हणाले. मी थांबले. दहा-बारा मिनिटांनी दुसरी काडी टाकली. तीही थोडी रेंगाळली, आणि मग समुद्राच्या दिशेनं निघाली.

"लागली."

सातव्या-आठव्या फेकीला सावलीच्या रेघेवर जिग थांबली. मासा मोठा नव्हता, चोवीस इंचांचा असेल. मी रॉड त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो घेतला, पण डावी तर्जनी आपोआप दोऱ्यावर गेली, आणि शेवटपर्यंत तिथेच राहिली. मासा काठाशी आल्यावर मी त्याचा खालचा ओठ अंगठ्यानं धरायला सांगितलं. स्ट्रायपरच्या ओठाला चावणारे दात नसतात, पॉलिश पेपरसारखा खरखरीतपणा असतो. कल्ल्याच्या कडांपासून मात्र बोटं लांब ठेवायची, त्या कापतात. गरी बोटाच्या एका वळणात निघाली. मासा पाण्याबाहेर काढायचाच नाही हे मी सांगण्याआधीच ते गुडघ्यांवर टेकले होते, दुखऱ्या गुडघ्यांवर. एक हात ओठाला, दुसरा शेपटीच्या मुळाशी, तोंड प्रवाहाकडे. पाणी तोंडातून आत जात होतं, कल्ले उघडत होते, मिटत होते. चंद्र चांगला वर आला होता आणि रेघा एकेक करून मोजता येत होत्या. बाबांनी मोजल्या असाव्यात, कारण त्यांचे ओठ हलत होते.

मग शेपटीत जोर आला. माशानं त्यांच्या अंगठ्यावर ओठ आवळला, एकदा जोरात हिसडा दिला आणि सावलीत गेला. बाबा तसेच हात पाण्यात ठेवून राहिले. मी त्यांना उठवायला गेले तर म्हणाले, थांब जरा.

गाडीत बसल्यावर त्यांनी अंगठा दिव्याखाली धरून बघितला. कातडी बारीक सोलवटली होती. मी रुमाल दिला, तो त्यांनी मांडीवर ठेवला आणि बोटांवर काहीतरी मोजलं.

"उद्या पाऊण तास उशिरान येवक व्हया," ते म्हणाले.